हिरडेवाडीचं बेट

चहा टाका आधी. साखर जरा सढळ हातानं. कारण जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून धाप लागते, आणि तुम्ही तर हसून हसून कपबशी पाडणार हे मला आत्ताच दिसतंय. हसा हो. मला आता काही वाटत नाही. त्या दिवसापासून वाटून घ्यायची ताकदच उरलेली नाही!

तर मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. लोकांच्या भाषेत कंट्रोलर. भोरच्या स्टँडवर केबिनमध्ये बसायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, यात माझी हयात गेली. भोर तालुक्यातलं, वेल्ह्याकडचं असं एक गाव नसेल ज्याचं नाव मी घसा खरवडून घेतलं नाही. आणि खरं सांगू? त्यातली निम्मी गावं मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. आचाऱ्याची भूक मरते म्हणतात ना, तसं. गाड्या पुकारून पुकारून माझी प्रवासाची हौसच मेली.

पण निवृत्त झाल्यावर माणसाला भलतंसलतं सुचतं. मला समुद्र सुचला.

"मंगल, आपण कोकणात जाऊ. घाट उतरलं की समुद्रच की!"

मंगल म्हणजे आमची सौभाग्यवती. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "स्टँडपर्यंत चाललात तर गुडघ्याला तेल लावायला मी लागते. आणि म्हणे समुद्र."

मुद्दा बरोबर होता. माझ्या दोन मित्रांनाही समुद्र झेपणारा नव्हता. एक नामदेव, विंझरचा. आयुष्यभर भाताची शेती केली, आता साखर आहे, गुडघे आहेत, आणि तरी तोंडावर कायम शांतता. वेल्हे सोडून फारसा कुठं गेलेला नाही. दुसरा सिद्धार्थ, माझा शाळेपासूनचा सोबती, भोरचाच. वायरमन होता. खांबावर चढून चढून त्याची कंबर गेली आणि मीटर जळलं की लोक आजही त्यालाच उठवतात. असे आम्ही तिघं म्हातारे आणि मंगल. चार माणसांत मिळून एक धड गुडघा निघाला असता की नाही, शंका आहे.

मग मी तोड काढली. "भाटघरला जाऊ! आपलं धरण काय समुद्रापेक्षा कमी आहे का? आणि तिथं एक बेट आहे."

"बेट?" सिद्धार्थनं विचारलं.

"बेट! चहूकडून पाणी, मध्ये जमीन. मी स्वतः बघितलंय, रस्त्यावरून."

रस्त्यावरून. हा शब्द तेव्हा कुणीच नीट ऐकला नाही. मीसुद्धा नाही.

थंडीचे दिवस, धरण तुडुंब. सकाळी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही काठावर उतरलो. खरंच सांगतो, नजर ठरत नव्हती. निळंभोर पाणी, त्यावर धुक्याची साय, पलीकडे डोंगर एकामागं एक उभे. आणि बरोबर समोर पाण्यात पुढं आलेलं माझं बेट! सोनेरी गवत, मध्ये एक झाडीचं टेकाड.

"हे बघा!" मी म्हणालो. जणू मीच ते सकाळी आणून ठेवलं होतं.

नामदेवनं डोळ्यांवर हात धरला. "बेस हाय. पर जायाचं कसं?"

काठाला एक होडी होती आणि होडीत दगडूआबा होते. वय विचारू नका, धरण भरताना बघितलेलं असावं असा चेहरा. कानानं पार अधू. मी माझा स्टँडवरचा आवाज काढला. "आबा! त्या बेटावर सोडता का?"

"सोडतो की!" आबा म्हणाले. "म्या तिकडंच चाललोय."

आता बघा. आबांना मी विचारलं, 'बेटावर सोडता का'. आबांना ऐकू आलं, 'सोडता का'. मधला शब्द गेला पाण्यात. आणि तिथूनच सगळं पाण्यात गेलं.

काठाला चिखल होता. मी चपला काढल्या, एका दगडावर नीट जोडीनं ठेवल्या, पाय धुतले आणि होडीत पाय टाकला. तेवढ्यात आबांनी वल्हं मारलं. आम्ही पाण्यात आणि चपला काठावर!

"आबा, चपला!"

"व्हय, चपळ हाय होडी," आबा म्हणाले. "नातवानं डांबर लावलंय."

मंगलनं माझ्याकडे बघितलं. तिचं ते बघणं तुम्हाला माहीत नाही. त्यात तीस-पस्तीस वर्षांचा संसार असतो.

बरं, पलीकडे पोचलो. उतरताना नामदेवला आधार द्यायचा, मंगलला हात द्यायचा, स्वतः पडायचं नाही, या गडबडीत होडी निघालीसुद्धा. मी ओरडलो, "आबा! चारला या घ्यायला!"

आबा लांबून ओरडले, "व्हय व्हय! चाराच घ्यायला चाललोय!"

"तो काहीतरी चारा म्हणाला," सिद्धार्थ म्हणाला.

"चार म्हणाला. चार!"

"मला चारा ऐकू आलं."

"सिद्धार्थ, मी आयुष्यभर माईकवर बोललोय. मला शिकवू नकोस."

आणि होडी वळणापलीकडे गेल्यावर मंगलनं शांतपणे विचारलं, "जेवणाची पिशवी कुणी घेतली?"

कुणीच घेतली नव्हती. पिठलं, भाकरी, ठेचा, दह्याची बरणी, सगळं आबांबरोबर चारा आणायला गेलं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच परतायचं. अहो, कसं परतायचं? बेट ना ते! माझ्या मते चहूबाजूंनी पाणी. मी सगळ्यांना धीर दिला, "एक दिवस उपास घडला तर काही मरत नाही. निसर्ग बघा." आणि अनवाणी पुढं झालो.

त्या गवतातली कुसळं! वरून सोनं दिसतं हो, आत नुसत्या सुया. दहा पावलं चाललो की बसायचो आणि पायातून कुसळं उपसायचो. माझं निसर्गदर्शन असं तळपायातूनच झालं. तरी तोंड बंद नव्हतं. टोकावर उभा राहून मी भाषण केलं. "विचार करा! इथं माणसाचा पाय लागला नसेल. अशी जागा आपल्या तालुक्यात आहे आणि लोक पैसे खर्चून कुठं कुठं जातात!"

नामदेव खाली बघत होता. "कंट्रोलर, हितं शेण हाय."

"मग?"

"ताजं हाय."

"म्हैस पोहत आली असेल. म्हशी पोहतात."

नामदेवनं जन्मभर म्हशी पाळल्या. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पाण्याकडे बघितलं, मग शेणाकडे. "आन हगून परत गेली?"

"असेल!"

"बरं," नामदेव म्हणाला. त्याच्या 'बरं'मध्ये नुसता थकवा होता. ऊन चढत होतं, पोट रिकामं होतं, वाद घालायला अंगात रग लागते.

थोड्या वेळानं सिद्धार्थ एका झुडपापाशी थांबला. झुडपात एक सिमेंटचा खांब. सिद्धार्थनं खांब बघितला की तो थांबतोच, जुनी सवय. वर बघून म्हणाला, "वसंता, ही तार टेकाडापलीकडं चाललीय."

"जुनी लाइन असेल. धरणाआधीची."

"धरण इंग्रजांनी बांधलं. तेव्हा सिमेंटचे खांब?"

"अरे, मग पाण्यावरून पलीकडच्या काठाला जात असेल. तू निवृत्त झालास ना? मग खांब सोड!"

त्यानंही सोडलं. कंबर धरून सावलीत बसला.

मंगल म्हणाली, "अहो, त्या टेकाडावर चढून एकदा पलीकडं बघा तरी."

"पलीकडं काय असणार? पाणी!"

"बघायला काय जातंय?"

"गुडघा जातोय!" मी म्हणालो. आणि विषय संपवला. केबिनमध्ये बसून मला एक खोड लागली होती. एकदा पुकारलेली गाडी मी कधी मागे घेतली नाही. फलाट चुकला तरी गाडी हलवायला लावायचो, घोषणा नाही.

दुपार कलायला लागली. आम्ही चौघं एका जांभळीखाली पाय पसरून पाण्याकडे बघत बसलो. चार वाजून गेले असावेत. होडी नाही. बगळे होते, होडी नाही. मंगल पदरानं वारा घेत होती आणि प्रत्येक वाऱ्यागणिक एक उसासा टाकत होती, आणि प्रत्येक उसासा माझ्या नावाचा होता.

तेवढ्यात नामदेव म्हणाला, "कंट्रोलर, मला जरा कसंतरी हुतंय."

बघतो तर काय, थंडीच्या दिवसात त्याच्या कपाळावर घाम. हात थरथरतायत. ओठ पांढरे. साखरेचा पेशंट, सकाळपासून पोटात काही नाही. थट्टा बाजूला, त्या वेळी मी खरंच घाबरलो. विंझरला त्याची बायको, सुना, नातवंडं. त्यांना मी काय सांगणार होतो? बेट दाखवायला नेलं?

मंगलनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "अहो, काहीतरी गोड द्या! तुमच्या खिशात असतं ना!"

असतं. घसा सांभाळायला खिशात खडीसाखर ठेवायची माझी रीत होती. खिसा उलटा केला. तंबाखूची पुडी, किल्ली, आणि तळाशी खडीसाखरेचे चार-पाच खडे. त्याला चिकटलेली तंबाखू फुंकून नामदेवच्या तोंडात घातले.

आणि मग चौघांतला एकुलता एक मोबाईल घेऊन धावलो. धावलो म्हणजे लंगडलो. रेंज कुठंच नव्हती. एका खडकावर चढून हात वर केला तेव्हा एक दांडी उमटली. मी फोन लावला बाळूला. बाळू माझ्या हाताखाली होता, आता माझ्याच खुर्चीवर बसतो.

"बाळू! मी बोलतोय. आम्ही बेटावर अडकलोय! चौघं! होडी गेली. नामदेवचं काही खरं नाही. माणसं पाठव!"

"साहेब? कुठलं बेट?"

"भाटघरच्या पाण्यातलं! ज्या काठावरून होडी—"

आणि फोन मेला. नुसती रेंज नाही, बॅटरीच गेली. सकाळपासून पाण्याचे फोटो काढत होतो ना!

परत आलो तर नामदेवच्या चेहऱ्यावर रंग आलेला. उठून बसला होता. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "नामदेव, माफ कर. बाळूला कळवलंय. तासाभरात होड्या येतील."

नामदेव खडीसाखर चघळत म्हणाला, "माफी न्हाई, पर एक सांगू का? ती म्हस आत्ता हितं आसती ना, तर म्या तिच्या शेपटाला धरून तिच्या मागनं गेलो आसतो. जनावर घरलाच जातं."

आणि नेमका तेव्हाच आवाज आला.

पॉं... पॉं!

हा आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. एसटीचा हॉर्न!

सिद्धार्थनं मान वळवली. नामदेवनं वळवली. मंगलनंही. तिघंही टेकाडाकडे बघायला लागले.

"पाण्यावरून आवाज लांबचा येतो," मी म्हणालो.

मंगल उठली. पदर खोचला. हातात एक वाळकी काठी घेतली आणि टेकाड चढायला लागली. काटे मोडत, खडे पाडत, मध्ये थांबत, पुन्हा चढत. माथ्यावर गेली. कमरेवर हात ठेवून पलीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ.

"काय दिसतंय?" मी खालून विचारलं. "पाणी?"

ती वळली. अजूनही आवाज चढवला नाही. "देऊळ दिसतंय. शाळा दिसतेय. पिठाची गिरणी चालू आहे. आणि एसटी वळवून उभी आहे. येताय का, का अजून थोडा निसर्ग बघताय?"

आम्ही वर गेलो. मला सांगवत नाही हो. टेकाडाच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, चांगली नांदती वाडी! डांबरी रस्ता! बायका हापशावर पाणी भरतायत. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला आख्खा महाराष्ट्र जोडलेला. आणि त्या लाल गाडीच्या कपाळावर पाटी, 'भोर – हिरडेवाडी'.

हिरडेवाडी! रोज दुपारी मी पुकारायचो ती हिरडेवाडी! आयुष्यात हजारदा म्हटलं असेन, 'हिरडेवाडीच्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावे'. आणि त्या हिरडेवाडीच्या पाठीला पाठ लावून मी दिवसभर उपाशी बसलो होतो, जगापासून तुटलोय म्हणून!

सिद्धार्थ म्हणाला, "तारेचं बरोबर होतं." बस. एवढंच. मित्र असावा तर असा. नामदेव तोवर उतार उतरायला लागला होता.

वाडीत एका माउलीनं नामदेवला गूळ-पाणी आणि शिळी भाकरी दिली. कुठून आलात विचारलं. मी म्हणालो, "फिरायला." एसटीत चढलो. कंडक्टर तरुण पोरगी होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "आजोबा, चप्पल?"

"निसर्गोपचार चालू आहे," मी म्हणालो.

मंगल खिडकीकडे तोंड करून बसली. सिद्धार्थनं कंडक्टरला विचारलं, "ताई, जरा फोन देता का? स्टँडवर कळवायचं होतं."

आणि इथं, मंडळी, मी शेवटची कुऱ्हाड पायावर मारून घेतली. म्हणालो, "नको नको! उगाच बोभाटा कशाला? माहीत फक्त बाळूला आहे. स्टँडवर उतरलो की त्याला समजावून सांगतो. चहा पाजला की गप्प बसेल."

सिद्धार्थनं हात मागे घेतला. त्यालाही वाद घालायचा कंटाळा आला होता. आणि आम्ही चौघंही गाडी हलताच पेंगायला लागलो. एसटीच्या त्या खडखडाटात मला जी झोप लागली, तसली कधी गादीवर लागली नाही.

जाग आली ती ब्रेकनं. रस्ता वळसा घालून त्याच काठावर आला होता, जिथून सकाळी होडीत बसलो. रस्त्यावर ही गर्दी! ट्रॅक्टर आडवा, मोटारसायकली पडलेल्या, दोरखंड, ट्रॅक्टरच्या चाकाच्या ट्यूबा. पाण्यात माणसं. काठावर बाया पदर तोंडाला लावून उभ्या.

"अरेरे," मी म्हणालो. "कुणीतरी बुडालं वाटतं बिचारं." आणि खिडकीतून हात जोडले. काय बुद्धी झाली, तर खाली उतरलो. मंगलही आली मागोमाग.

एका बाईला मी विचारलं, "काय झालं हो?"

"आवं, भोरचं कंट्रोलर! पाण्यात गेलं!"

मला आधी वाटलं, बाळूच गेला.

"कोण, बाळू?"

"न्हाई वो, जुनं कंट्रोलर. ष्ट्यांडवरनं त्या बाळूनं भोंग्यावर सांगितलं, पाण्यात अडकल्यात म्हून. मग कुणी म्हनलं बुडालं. आन हितं येऊन बघत्यात तर काय!" बाईनं आवाज खाली आणला. "त्या दगडावर चपला काढून ठेवलेल्या. जोडीनं. म्हंजी समजा आता तुमीच."

समजलो. पार तळव्यापर्यंत समजलो.

दुसरी बाई मंगलच्या कानाशी लागली. "बायकूचा लई जाच व्हता म्हनं."

मंगल वळली. "कोण म्हणालं?"

"समदेच म्हनत्यात. पार वैतागला व्हता गडी."

मंगलनं माझ्याकडे बघितलं. धरणाचं पाणी त्या क्षणी मला फार जवळचं वाटलं.

गावचे पोलीसपाटील काठावर उभे राहून सूचना देत होते. मी त्यांच्याजवळ गेलो, घसा खाकरला. "पाटील, शोध थांबवा. तो मीच."

"आजोबा, मागं व्हा."

"अहो, तो कंट्रोलर मी आहे!"

पाटील भडकले. "थट्टा करायची ही येळ हाय का? हितं पोरं मगाधरनं गार पाण्यात बुड्या मारत्यात! चौघं गेल्यात चौघं! आन तुमी एसटीतनं उतरून, सुक्या कपड्यानं, सांगताय मी मेलेला हाय?"

"मी मेलोय असं नाही म्हणत मी!"

"मग मागं व्हा!"

मी सिद्धार्थकडे बघितलं. तो गाडीच्या दारात उभा होता. म्हणाला, "वसंता, माणसं तुझं तोंड ओळखत नाहीत. पुकार!"

काय करणार? त्या काठावर, अनवाणी, धोतरात कुसळं, एवढ्या माणसांसमोर मी मान ताठ केली, डोळे मिटले आणि पुकारलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! भोरहून भाटघरमार्गे हिरडेवाडीकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. हिरडेवाडीच्या प्रवाशांनी आपापल्या सामानासह गाडीत बसून घ्यावे!"

काठ शांत झाला. पाण्यातली माणसं थांबली. मघाचीच बाई ओरडली, "आगं बया! ह्यो तर ष्ट्यांडवरचा आवाज! जित्ता हाय, गडी जित्ता हाय!"

एकच गलका! कुणी माझे हात धरले, कुणी पाठीवर थापा मारल्या. एका म्हातारीनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. पाटलांनी टोपी काढून कपाळ पुसलं, फोन लावून बाळूला कळवलं, आणि खरंच सांगतो, त्या माणसाचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळख ना पाळख, आणि केवळ आवाज कधीतरी कानावर पडलेल्या माणसासाठी आख्खं गाव कामधाम सोडून पाण्याशी आलं होतं.

मग पाटलांनी स्वाभाविकच विचारलं, "पर साहेब, तुमी अडकला व्हता कुठं?"

मी पायातलं कुसळ उपसायला वाकलो. मंगल बोलली.

"हिरडेवाडीला."

"हिरडेवाडीत? पाण्यात?"

"छे हो. पिठाच्या गिरणीमागं."

सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. मघाशी डोळे पुसणारे पाटील आता माझ्याकडे बघत होते ते म्हैस पोहताना बघावी तसे.

तेवढ्यात पाण्यातून लक्ष्मण वर आला. पट्टीचा पोहणारा, त्या काठावरचा सगळ्यांत धिप्पाड गडी. मला शोधायला सगळ्यांत जास्त बुड्या त्यानंच मारलेल्या. ओठ निळे पडलेले, दात वाजतायत, अंगावर कुणीतरी गोधडी टाकलेली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वरपासून खालपर्यंत मला नीट बघून घेतलं. गावानं त्याला सगळी हकीकत सांगितली. त्यानं ती ऐकली, नाक पुसलं, आणि अगदी नरमाईनं, आदरानं म्हणाला,

"साहेब, पाण्यात गावला आसता तर तुमास्नी बाहीर काढला आसता. पर आता सुक्यात गावलाय, तर एकदा आत घालून काढू का? न्हाईतर माझं समदं कष्ट वाया जात्यात."

आणि काय सांगू तुम्हाला, इतका थकलो होतो, इतका शरमलो होतो, की माझ्या तोंडून निघून गेलं, "चालेल. पण जरा हळू घाला, गुडघा दुखतोय."